चौथ्या खांबाच्या जागी वनिता

सांगलीच्या विश्रामबागेतल्या 'पारिजात' सोसायटीच्या पार्किंगमधला चौथा खांब सोमवारी पहाटे गावी निघून गेला, आणि त्याच्या जागी पहिल्या मजल्यावरची वनिता रणपिसे उभी राहिली.

खांबाचं जाणं कुणी फारसं मनावर घेतलं नाही. इतकी वर्षं एका पायावर उभा होता बिचारा, कधीतरी जाणारच. वनिता दुधाची पिशवी घेऊन येत होती. स्लॅब कुरकुरत खाली यायला लागलेला दिसला, तशी तिने पिशवी खाली ठेवली आणि दोन्ही तळहात वर लावले. कुणीतरी येईपर्यंत धरू, एवढाच विचार. चुकलं ते इथेच. कुणीतरी नव्हे, सगळेच आले. चेअरमन अष्टेकरकाकांनी वर पाहिलं, खाली पाहिलं, "वा! झकास बसलंय," म्हणाले आणि फिरायला निघून गेले.

वनिताला सातवा महिना होता. काकांची सून केतकी, तिलाही सातवाच. केतकी गोरी, शेलाटी. पाण्याचा तांब्यासुद्धा उचलायचा नाही अशी तिला सासूची सक्त ताकीद होती. वनिता काळी आणि हाडापेराने थोराड, आणि अशी बाई दिसली की लोकांना का कोण जाणे, गॅसचा सिलिंडर आठवतो. जिन्यात सिलिंडर अडला, वनिता. कुणाचं कपाट सरकवायचं, वनिता. मग स्लॅब तरी दुसरं कोण धरणार, सांगा!

तिची अडचण एकच होती. येत्या रविवारी तिचं डोहाळजेवण होतं. तिला त्या दिवशी फुलांनी मढवलेल्या झोपाळ्यावर बसायचं होतं. कुणीतरी "जपून गं" म्हणावं, एवढीच हौस. आजवर तिला सगळे "उचल गं" म्हणणारेच भेटले होते.

मंगळवारी महानगरपालिकेचे इंजिनिअर आले. त्यांनी छोट्या हातोडीने तिच्या खांद्यावर टकटक केलं आणि कान लावून ऐकलं.

"माल चांगला आहे," ते काकांना म्हणाले. मग त्यांची नजर तिच्या पोटावर गेली. "हे वाढीव बांधकाम कधीचं?"

"सातवा महिना चालू आहे," वनिता म्हणाली.

"मग ठीक आहे. नियमात बसतं."

"साहेब, मी कधी बसायचं?"

इंजिनिअर दुखावले. "बाई, साधं विचारलं तर एवढं अंगावर कशाला येता?" असं म्हणून त्यांनी चहा घेतला आणि ते गेले.

बुधवारी कमिटीची बैठक झाली, तिच्यासमोरच. तिच्याबद्दल दोन तक्रारी आल्या होत्या. पहिली रंगाची. बाकीचे खांब मोतिया, आणि हा एकच काळा. येणाऱ्याजाणाऱ्याला ते बरं दिसत नाही. यावर अष्टेकरकाकूंनी वाटीभर उटणं आणलं आणि मोठ्या मायेने तिच्या गालांना थापलं. "लावत जा गं रोज. रूप काय, कमावावं लागतं."

दुसरी तक्रार चेहऱ्याची. सेक्रेटरी देवस्थळीबाईंनी ती अगदी गोड शब्दांत मांडली. "वनिताताई, तुम्ही धरता ते उत्तमच धरता. पण कपाळाला आठी असते हो. मुलं घाबरतात. बाईमाणसानं कसं, जरा मऊ असावं. थोडं हसून धरा ना!"

"हात भरून आलेत हो," वनिता म्हणाली.

"बघा! हेच. केवढ्यांदा बोलता!"

वनिता तर नेहमीच्याच आवाजात बोलली होती. पण तिचा नेहमीचा आवाजही लोकांना चढाच लागायचा, त्याला ती काय करणार?

तिचा नवरा दिगंबर एसटीत कंडक्टर. ड्यूटीवरून आला की तो तिला भाकरीचा घास भरवायचा आणि तिची आंघोळपांघोळ होईपर्यंत स्लॅब धरायचा. दिगंबर म्हणजे काडीपैलवान. तेवढ्यातच त्याला घेरी यायची आणि तिसऱ्या मजल्यावरून ओरडा व्हायचा, "अहो, वनिताताईंना बोलवा, आमचा फ्रिज घरंगळतोय!" रात्री ती उभ्याउभ्याच डुलकी काढायची. दिगंबर खाली सतरंजी टाकून पडायचा आणि अंधारात तिचा पाय धरून ठेवायचा. दुसरं काही त्याला सुचत नव्हतं.

शुक्रवारी काकू आल्या. "तुझं आणि केतकीचं डोहाळजेवण एकत्रच उरकू. इथेच, पार्किंगमध्ये."

वनिताला इतका आनंद झाला की वरच्या मजल्यांवरची भांडी हलली.

रविवारी झोपाळा आला. जाईजुईच्या माळा, मोगऱ्याचे गजरे, पाठीला मऊ तक्क्या. तो टांगायला छताला कड्या होत्याच, नेमक्या चौथ्या खांबापाशी. म्हणजे झोपाळा स्लॅबला आणि स्लॅब वनिताच्या हातांवर. हिरवी साडी आणि फुलांचे दागिने घातलेल्या केतकीला चौघींनी धरून त्यावर बसवलं. "जपून गं, जपून!" एकच गलका झाला. केतकी बसली तसं तेवढं वजन वनिताच्या मनगटांत उतरलं.

"काकू, माझं?" वनिताने विचारलं.

"तुझीही ओटी भरणार ना! उभ्याउभ्याच भरू. पदर धर."

"कुठल्या हातानं धरू?"

"बाई गं, आज तरी तोडून बोलू नकोस!"

फोटोग्राफर म्हणाला, "त्या खांबताई फ्रेममध्ये येतायत. ताई, येताच आहात तर जरा नाजूक उभ्या राहा." बायकांनी डोहाळ्याचं गाणं धरलं. वनिताला ते सगळं पाठ होतं. पण तिला कुणी म्हणायला सांगितलं नाही, आणि तिच्यासाठी कुणी म्हणत नव्हतं.

मधेच केतकीने झोका थांबवला. ती वनिताच्या पायांकडे बघत होती. "वनिताताई, तुमचे पाय किती सुजलेत!"

"त्यांचे नाही गं सुजत," काकू म्हणाल्या. "त्यांना सवय असते."

वनिताला पोटामुळे स्वतःचे पाय दिसत नव्हते. हात तसेच वर ठेवून ती जरा पुढे झुकली. चपलांचे पट्टे मांसात रुतले होते. ते बघून तिला स्वतःची इतकी दया आली, इतकी दया आली, की असं तिला जन्मात कधी झालं नव्हतं.

"मला बसायचंय," ती म्हणाली.

काका पुढे आले. "विषय चांगला आहे. पुढच्या सर्वसाधारण सभेत घेऊ."

"आत्ता बसायचंय."

"रागानं नको," देवस्थळीबाई म्हणाल्या. "तेच जरा गोडीत सांगा, म्हणजे विचार करता येईल."

वनिताने कपाळावरची आठी काढली. ओठांवर हसू आणलं. मान थोडी कलती केली, आणि आयुष्यात पहिल्यांदाच ती इतक्या हळू, इतक्या मंजूळ आवाजात बोलली, की तिचं बोलणं कुणालाच ऐकू गेलं नाही.

"बरं का, मी हात काढतेय हं."

आणि तिने हात काढले.

स्लॅब हातभर खाली आला. मग मात्र पळापळ झाली. काकांनी हात लावले, देवस्थळीबाईंनी लावले, फोटोग्राफरने कॅमेरा टाकून लावले, गाणाऱ्या सगळ्या बायकांनी लावले. काकूंनी ओवाळणीचं ताट डोक्यावर ठेवून त्यानेच टेकू दिला. एवढी सगळी माणसं लागली, तेव्हा कुठे तिसऱ्या मजल्यावरचा फ्रिज थांबला.

केतकी झोपाळ्यावरून उतरली. "या, बसा," म्हणाली. वनिता बसली. केतकीने स्वतःच्या डोक्यातला गजरा काढून तिच्या केसांत माळला आणि झाकलेल्या दोन वाट्या पुढे केल्या. वनिताने एक उघडली, बर्फी निघाली. दुसरी उघडली, पेढा निघाला. तिने दोन्ही खाल्लं, आणि तोंडात घास असतानाच ती रडायला लागली. हळू वगैरे नाही, चांगलं भोकाड पसरून.

"अहो, असं रडू नका," काका वरून म्हणाले. त्यांचे दंड थरथरत होते. "आम्हाला कसंतरीच होतं."

"होऊ दे," वनिता म्हणाली. "गाणं का थांबलं?"

बायकांनी हात वर ठेवूनच गाणं म्हटलं. काकूंचा आवाज फाटत होता, पण एकही कडवं त्यांनी गाळलं नाही. केतकी हलकेच झोका देत राहिली.

तिन्हीसांजेला दिगंबर ड्यूटीवरून आला. फाटकातूनच त्याने झोपाळ्यावरची बायको पाहिली, छताला हात लावून उभी असलेली सोसायटी पाहिली, आणि त्याने आनंदाने हाक मारली, "वने, जेवलीस का गं?"

"शूऽऽ!" काका घामाघूम होऊन कुजबुजले. "हळू बोला. आत्ताच डोळा लागलाय तिचा."