गैरहजर खातेदारांचा डाव

स्पर्धेत हरण्यासाठी आधी तिच्यात उतरावे लागते. ही गोष्ट इतकी उघड आहे की ती समजायला आमच्या गावाला चार वर्षे लागली. मात्र एकदा समजल्यावर गावाने तिची अशी काटेकोर अंमलबजावणी केली की मी त्या कामाचा चिटणीस होतो याचा मला अजून अभिमान वाटतो. (अभिमानच म्हणतो. दुसरा शब्द पुढे येईल.)

आमचे गाव शहादा तालुक्यात, कळसाडीच्या पलीकडे. नाव सांगत नाही, कारण गावातले लोक हा मजकूर वाचतील. वाचणार नाहीत, पण कोणी तरी वाचून दाखवील. गावातल्या बारा खातेदारांनी छप्पन्न साली मंडळ काढून एक ऑइल इंजिन घेतले आणि गोमाई नदीच्या काठावर बसवले. इंजिन एक आणि शेते बारा. प्रत्येकाची पाळी दोन दिवसांची. म्हणजे बाराव्या माणसाला पाणी तेविसाव्या दिवशी मिळणार. वैशाखात केळीला तेवीस दिवस थांबायला सांगणे हे सांगायला सोपे आहे, केळीला ऐकू येत नाही.

पहिल्या वर्षी पाळीचा क्रम चिठ्ठ्या टाकून ठरला. पहिली चिठ्ठी भिकनभाऊंची निघाली. तेव्हा अध्यक्ष गिरधर पाटील यांनी ती चिठ्ठी बाकीच्यांपेक्षा जास्त घट्ट दुमडली होती असे निदर्शनास आणले. दुसऱ्या वर्षी वयाप्रमाणे क्रम लावायचे ठरले, तर बारापैकी आठ जण प्लेगच्या साली जन्मलेले निघाले आणि आठही जण सकाळी. तेव्हा मंडळाने ठरवले की आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, गावात पत्ते खेळतातच. आखाजीला पत्ते खेळणे हा जुगार नसून सण आहे. तर त्याच बैठकीत पाळीही ठरवून घ्यावी. वेगळा खर्च नाही.

नियम मी लिहिले. मला जमीन नव्हती आणि मी गावचा मास्तर असल्याने शाळेतला खडू मंडळाला फुकट मिळत होता, म्हणून चिटणीस, पंच आणि पत्ते वाटणारा अशी तिन्ही पदे माझ्याकडे आली. प्रत्येकाला शंभर चिंचोके. खेळ तीन पत्तीचा. दर डावाला प्रत्येकाने एक चिंचोका मधल्या ताटलीत टाकायचा, वर ज्याची हिंमत असेल त्याने आणखी लावायचे. जिंकेल त्याने ताटली रिकामी करायची. ऐंशी डाव झाले की मोजणी. ज्याचे चिंचोके जास्त त्याची पाळी पहिली. एखादा खातेदार गैरहजर असेल तर त्याच्या ढिगातून पंचाने दर डावाला एक चिंचोका काढून ताटलीत टाकावा. (हे कलम सातवे. ते आजारी माणसासाठी होते. आजारी कोणीच पडले नाही.)

अठ्ठावन्न साली सुकलालभाऊंची शहाद्याला एस.टी. चुकली. ते उन्हात चालत आले तेव्हा एक्केचाळिसावा डाव वाटला जात होता. त्यांच्या ढिगात साठ चिंचोके होते. सकाळपासून बसलेल्यांपैकी पाच जणांकडे एकही नव्हता. ते जोरजोरात एकमेकांना शिकवत होते. सुकलालभाऊ घाम पुसून बसले आणि तिसरे आले.

यातून मंडळाने जो निष्कर्ष काढला तो कुठल्याही मोठ्या मंडळाने काढला असता. सुकलालभाऊ नीट खेळले म्हणून तिसरे आले, हे मत सुकलालभाऊंच्या बायको रुक्मिणीबाई यांनी विहिरीवर मांडल्याची नोंद आहे. पण त्या मंडळाच्या सभासद नव्हत्या. मंडळाचे मत असे पडले की सुरुवातीचे डाव सोडले की माणूस टिकतो. पहिला आलेला माणूस सुरुवातीपासून बसला होता, ही अडचण गिरधर पाटलांनी दूर केली. ते म्हणाले, "तो नशीबथीन उना. सुकलाल अक्कलथीन उना." (म्हणजे पहिला नशिबाने आला, सुकलाल अकलेने.)

एकोणसाठ साली तीन खातेदार उशिरा आले. साठ साली सात. तोवर गावात दोन पक्ष पडले होते. गिरधर पाटलांच्या मते वीस डाव सोडावेत. भिकनभाऊंच्या मते चाळीस, कारण चाळीस हा आकडा अनुभवसिद्ध आहे. दोन्ही पक्षांनी आकडेवारी जमवली. तीन वर्षांत सुरुवातीपासून बसून सगळे चिंचोके घालवणारे: चौदा. घरी बसून सगळे चिंचोके घालवणारे: शून्य. या आकड्यांपुढे बोलायला जागा नव्हती. घरी बसून पहिले येणारेही शून्यच होते, पण तो आकडा कोणी मागितला नव्हता, म्हणून मी दिला नाही.

इथे एक खुलासा केला पाहिजे. गैरहजर म्हणजे कुठे तरी गेलेला, असे नव्हे. गैरहजर खातेदार बैठकीपासून तीस पावलांवर, पिंपळाच्या पारावर बसत. तिथून ताटली दिसे. कोण आधी उठतो यावर लक्ष ठेवता येई. मी हाक मारली तर ते "आम्ही नाही" असे उत्तर देत आणि मी तशी नोंद करत असे.

एकसष्ट साली पूर्णतेचा क्षण आला. बाराही जण पारावर बसले. मी एकटा सतरंजीवर. मी ऐंशी वेळा बारा जागांवर पत्ते वाटले, ऐंशी वेळा बारा ढिगांतून चिंचोके काढले आणि डाव कोणी न जिंकल्यामुळे ताटलीत साठवत गेलो. ताटली भरली, मग माझी टोपी भरली. शेवटी प्रत्येकाकडे वीस चिंचोके उरले. कोणी हरले नाही. गावाच्या इतिहासात इतका समाधानाचा सामना झाला नव्हता. पाळीचा क्रम न लागल्यामुळे वयाची जुनी यादी काढली. तिच्यात सर्वांत लहान म्हणून सुकलालभाऊ बारावे होते. त्या उन्हाळ्यात त्यांची निम्मी बाग वाळली आणि हिवाळ्यात ते तापाने गेले. केळी वाळली म्हणून गेले असे मी म्हणत नाही. इतके मात्र खरे की शेवटच्या आठवड्यात ते दुसरे काही बोलत नव्हते.

खाते रुक्मिणीबाईंच्या नावावर आले. केळीची पंधराशे खोडे होती. बाकीच्या खातेदारांच्या शेतात लहानमोठ्या विहिरी होत्या. रुक्मिणीबाईंच्या शेतात इंजिनाच्या पाटाशिवाय पाण्याचा थेंब नव्हता. तेविसाव्या दिवशी पाणी आले असते तर ते केळीला नव्हे, काड्यांना आले असते.

बासष्टच्या आखाजीला गावातल्या बायका झोक्यावर गाणी म्हणत होत्या, पारावर अकरा गैरहजर खातेदार बिड्या ओढत होते आणि मी सतरंजीवर पत्ते पिसत होतो. तेवढ्यात रुक्मिणीबाई आल्या, पदर सावरून आपल्या ढिगासमोर बसल्या.

"गुरुजी, माले खेयता येत नही. काय करनं पडी?"

नियमांत बाईने बसू नये असे कुठे नव्हते. (हे कलम राहून गेले, कारण ते लिहावे लागेल असे वाटले नव्हते.)

"काहीच नही बाई," मी म्हणालो. "आठे दुसरं कोनी शेच नही."

मी पत्ते वाटले. अकरा ढिगांतून अकरा चिंचोके निघाले, बारावा रुक्मिणीबाईंनी टाकला. हजर खातेदार एकच असल्याने डाव त्यांचा. त्यांनी ताटली ओंजळीत रिकामी केली. दुसऱ्या डावाला तेच. दहाव्या डावाला त्यांच्यापुढे दोनशे दहा झाले. पारावर हालचाल दिसू लागली, पण सर्वांआधी उठणे म्हणजे चार वर्षांचे ज्ञान मातीत घालणे. सगळे गिरधर पाटलांकडे बघत होते आणि पाटील बिडीकडे.

चाळिसावा डाव झाल्यावर, भिकनभाऊंचा अनुभवसिद्ध आकडा गाठल्यावर, अकराही जण उठले आणि येऊन बसले. प्रत्येकाकडे साठ चिंचोके होते. रुक्मिणीबाईंकडे पाचशे चाळीस.

पुढचे चाळीस डाव मी आयुष्यात विसरणार नाही. अकरा पुरुष मुठी आवळून, दात खाऊन खेळले. रुक्मिणीबाईंनी दर डावाला एक चिंचोका टाकला आणि पत्ते न बघता उलटे ठेवले. ऐंशी डावांनंतर त्यांच्याकडे पाचशे उरले. दुसरे भिकनभाऊ, तीनशे दहा.

दुसऱ्या दिवशी दुपारी मंडळाची सभा भरली. रुक्मिणीबाई खातेदार असल्या तरी प्रश्न त्यांचाच असल्याने त्यांना मत नव्हते. अकरा खातेदार आणि चिटणीस म्हणून मी, अशी मते बारा. प्रथम अध्यक्षांनी निवेदन केले की या निकालाने मंडळाचा सिद्धांत सिद्धच झाला, कारण बाईंनी चाळीस डाव पत्त्यांना हात न लावता काढले आणि त्या पहिल्या आल्या. हे सर्वांना पटले. मग ठराव आला: "श्रीमती रुक्मिणीबाई यांनी हजर राहून इतरांच्या गैरहजेरीचा गैरफायदा घेतला, सबब निकाल रद्द करावा."

रुक्मिणीबाई दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी सकायपासून बठेल व्हती. तुमले कोनी अडायं व्हतं का? मन्ही केयी सुकी ऱ्हायनी, भाऊ."

ठरावाच्या बाजूने हात वर करायला सांगितले. पहिला हात आपला नको म्हणून कोणी केला नाही. विरुद्ध मते मागितली. तिथेही तेच. शून्य विरुद्ध शून्य. निकाल रद्द झाला नाही. मग निकाल मंजूर करण्याचा ठराव टाकला. तोही शून्य विरुद्ध शून्य. मंजुरीशिवाय इंजिनाला हात लावायचा नाही, हे कलम तिसरे. तेही मीच लिहिलेले.

नऊ दिवस इंजिन बंद राहिले. रुक्मिणीबाई एकेका दारात गेल्या. प्रत्येकाने त्यांना पाणी दिले, बसायला दिले आणि सांगितले, "मी दुसरा हात वर करनार व्हतू." असे दुसरे हात अकरा निघाले. बाराव्या दारात, माझ्याकडे, त्या आल्या नाहीत. मी नियम जाणणारा माणूस, मला मत असते तर मी नक्की हात वर केला असता, असे त्यांना वाटत होते. हे मला भिकनभाऊंच्या बायको सरलाबाई यांनी सांगितले. त्या दिवशी मला जेवण गेले नाही.

दहाव्या दिवशी रुक्मिणीबाई इंजिनाजवळ जाऊन बसल्या. शहाद्याचे जब्बार मिस्त्री महिन्याकाठी इंजिन बघायला येत, ते त्या दिवशी आले होते.

"बाई, अध्यक्षनी सही लागस," ते म्हणाले. "बिगर सहीनं मी कसं चालू करू?"

मिस्त्रींनी बागेकडे पाहिले, तिथली पाने खाली लोंबत होती. मग त्यांनी हँडल घातले, दोनदा फिरवले आणि म्हणाले, "माले लिहता-वाचता येत नही, असं सांगी दिसू." ते उर्दू चौथीपर्यंत शिकलेले होते.

इंजिन दोन दिवस चालले. पंधराशेपैकी नऊशे खोडे वाचली. मंडळाने मिस्त्रींचा निषेध करण्याचा ठराव आणला. शून्य विरुद्ध शून्य.

सहाशे वाळलेली खोडे मी स्वतः जाऊन मोजली. मला लाज वाटली, हाच तो दुसरा शब्द. बाईंच्या बाजूने एक हात पुरे होता आणि एक हात माझ्याकडे होता.

या गोष्टीला आता सहा वर्षे झाली. मी गावात चौकशी करतो तेव्हा एकतीस माणसे छातीठोकपणे सांगतात की त्या सभेत रुक्मिणीबाईंच्या बाजूने त्यांनी हात वर केला होता. (मते बाराच होती, पण उत्साह मोजायचा नसतो.) मी त्यांची यादी ठेवली आहे. आपणही हे वाचताना मनातल्या मनात म्हणालाच असाल, की मी असतो तर केला असता. मला ते मान्य आहे. आपले नाव बत्तिसावे लिहून घेतो. उठायची गरज नाही, बसल्या जागेवरून चालते.