सहकुटुंब पाकसिद्धी योजना

एकत्र रांधणारे व एका पंगतीत जेवणारे कुटुंब सोमवारी कामावर गैरहजर राहत नाही, हे त्रिकालाबाधित सत्य मानवजातीला बराच काळ ठाऊक नव्हते. १९५७ साली ते पिंपरीतल्या एका कुलपांच्या कारखान्याचे कल्याण अधिकारी उद्धवराव यांना एका विलायती मासिकात गवसले. (मासिक चार वर्षांपूर्वीचे होते, पण सत्याला तारीख नसते.)

आठवड्याभरात परिपत्रक निघाले. कुटुंबप्रमुखाने आठवड्यातून चार वेळा स्वयंपाकात प्रत्यक्ष भाग घ्यावा. चुलीपाशी बसून सूचना करणे हा भाग धरला जाणार नाही. सर्वांनी एकाच वेळी जेवावे आणि जेवताना किमान तीन कौटुंबिक विषयांवर प्रसन्न संभाषण करावे. योजनेचे लाभ सतरा होते. पहिला पचन, दुसरा प्रेम, आणि सतरावा 'इतर'. ज्या घरात बाप पहिल्या पाळीला आणि लेक दुसऱ्या पाळीला होता, त्या घराला पाळी बदलताना कारखान्याच्या फाटकातच एकत्र जेवण्याची मुभा देण्यात आली. स्टोव्ह मात्र कुटुंबाने आणायचा होता.

तपासणीचे काम उद्धवरावांनी कुणावरही टाकले नाही. दोन महिने रोज दुपारी आणि संध्याकाळी ते सायकलवर टांग टाकून कामगारांच्या घरी जात आणि चव घेतल्याशिवाय शेरा लिहीत नसत. घरे तपासली एकेचाळीस, प्रत्येक तीनदा. पिठले आढळले एकोणतीस घरी. सरासरी वजनवाढ (अधिकाऱ्याची) सात पौंड.

बेचाळिसावे घर काळेवाडीचे, फिटर चांदभाईंचे. रविवारची दुपार होती. चांदभाई उंबऱ्यात बसून कांदा चिरत होते आणि डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. 'कामगार योजनेमुळे भारावून गेला,' अशी नोंद उद्धवरावांनी घेतली.

"बसा की सायेब," चांदभाई बाहीने डोळे पुसत म्हणाले. "आमी तर पयल्यापासून एकाच थाळ्यात जेवतो. दुसरा थाळा न्हाईच."

उद्धवराव बसले. रस्सा झणझणीत होता, संभाषण प्रसन्न होते. चौथी भाकरी वाढताना चांदभाईंची बायको नूरबी सहज म्हणाली, "सायेब, तुमी रोज हितंतितं जेवता. मग घरी बाईसायेब कुणासंगं जेवत्यात?"

परिपत्रकात या प्रश्नाला रकाना नव्हता. चौथी भाकरी तशीच सोडून उद्धवराव उठले.

क्वार्टरवर पोचले तेव्हा त्यांची पत्नी इंदुताई स्वयंपाकघरात एकट्याच ताट घेऊन बसल्या होत्या. ताटात दहीभात आणि लोणच्याची फोड.

"अगं, एकटीच जेवतेस?"

"दोन महिने झाले," इंदुताई शांतपणे म्हणाल्या. "त्याआधी तुमचं जेवण झाल्यावर एकटी जेवत होते. फरक एवढाच, की आता आधी वाढावं लागत नाही."

उद्धवरावांनी कोट काढून खुंटीला अडकवला आणि शर्टाच्या बाह्या वर केल्या.

"बेसन कुठं असतं?"

"डब्यात."

"कुठल्या?"

"तपासणी करा," इंदुताई म्हणाल्या.

नऊ डबे उघडल्यावर बेसन सापडले. पिठले झाले, म्हणजे गुठळ्या झाल्या आणि त्यांच्या आसपास थोडे पिठले झाले. इंदुताईंनी दोनदा मागून घेतले. मग म्हणाल्या, "एक सांगू? मला पिठलं आवडत नाही. कधीच आवडलं नाही."

"लग्नाला चौदा वर्षं झाली! बोलली का नाहीस?"

"कुणाशी? तुम्ही हात धुवायला गेलेले असायचात."

आणि त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, खांदे हलेपर्यंत हसल्या. त्यांना असे हसताना उद्धवरावांनी पाहिल्याला वर्षे लोटली होती. हा लाभ कुठल्या क्रमांकात बसवावा हे न उमगल्यामुळे त्यांनी तो 'इतर'मध्ये धरला.

मंगळवारी त्यांनी व्यवस्थापनापुढे सूचना ठेवली, की योजना अधिकाऱ्यांनाही लागू करावी. योजना अत्यंत हितकारक आहे, यावर एकमत झाले. आणि इतकी हितकारक गोष्ट कामगारांच्या तोंडातून काढून घेणे योग्य नव्हे, यावरही. ठराव झाला : 'स्वयंपाक तयार झाल्याची हाक ऐकून जो जेवायला उठतो, तो अधिकारी समजावा. त्याला सूट आहे.'

सगळ्यांनी सह्या केल्या. उद्धवरावांनी तेवढी सूट नाकारली. तेव्हा भोजनापुरती त्यांची नोंद 'अकुशल कामगार' या वर्गात करण्यात आली, आणि ते साडेबाराला घरी कणीक मळायला गेले.

ठराव अद्याप रद्द झालेला नाही. तेव्हा हे वाचत बसलेल्या एखाद्या सद्गृहस्थास आतून भांड्यांचा आवाज येत असेल, तर त्यांनी निश्चिंत असावे. आपण अधिकारी आहात. हाक येईलच.