मोहाच्या खळग्याचं कुंपण

मुलांनो, एका जंगलात कातळावर एक खळगा होता. वर मोहाचं झाड होतं. फुलं खळग्यात पडायची, कुजायची आणि चार-आठ दिवसांत तिथलं पाणी असं काही व्हायचं, की ते प्यायलेला ससा सरळ वाघाला "काय रे" म्हणायचा. असे ससे फार जगत नसत, पण ते असो.

त्या जंगलात एक नियम होता. ज्याने मोहाचे पाच बहर पाहिले नाहीत, त्याने खळग्यावर यायचं नाही. नियम चांगलाच होता. तो मोहाच्या सालीवर कोरलेला होता आणि पिलं त्यालाच पाठ टेकून पीत बसायची.

झिपरी अस्वलीण जवळच्याच गुहेत राहायची. तिचा गुबड्या जेमतेम दीड बहराचा. त्या उन्हाळ्यात तो रोज डुलत घरी यायचा. एकदा त्याच तारेत तो मधाच्या पोळ्यासाठी कड्यावर चढला आणि धाडकन खाली आला. पुढचा पाय मोडला. झिपरीने तो वेलींनी बांधला आणि त्याला पाठीवर घेतलं. अस्वलिणी पिलांना पाठीवरच नेतात. असंच चाललं तर पोरगं हातचं जाणार. आता गप्प बसायचं नाही, असं तिने ठरवलं.

ती हरणीकडे गेली, रानडुकरिणीकडे गेली, मुंगसाच्या आईकडे गेली. सगळ्यांचं दुखणं एकच होतं. सागाच्या पानावर पंजे आणि खूर उमटवून आयांनी अर्ज केला, की खळग्याला काटेरी कुंपण घालावं आणि पोरांना आत सोडू नये.

अर्ज गवा सरपंचांकडे गेला. सरपंचांनी तो नीट वाचला, आणि जेवणाची वेळ झाली होती म्हणून खाल्ला. झिपरीने दुसरा केला.

"बाई, विषय गंभीर आहे," सरपंच म्हणाले. "समिती नेमतो."

समितीवर साळिंदर चिटणीस आले, कारण लेखण्या त्यांच्या पाठीवरच होत्या. समितीने प्रत्यक्ष पाहणी केली. म्हणजे ती खळग्यावर जाऊन नऊ दिवस बसली. दहाव्या दिवशी तिला उचलून आणावं लागलं. अहवाल मात्र चोख होता. चिटणीसांनी तो झाडाला टेकून सभेत वाचला.

"खळग्यावर पिणारे पुष्कळ आढळले. परंतु बालक एकही आढळला नाही."

"अहो, माझा गुबड्या तिथंच होता!" झिपरी ओरडली. "पायाला वेल बांधलेला. तुमच्याच शेजारी बसलेला."

"तो? तो तर पीत होता."

"तेच सांगतेय ना मी!"

"बाई, नीट ऐका. बालकांनी प्यायचं नाही असा आपला नियम आहे. तो पीत होता. म्हणजे तो बालक नाही. नाहीतर नियम मोडल्यासारखं होईल, आणि आपल्या जंगलात कोणी नियम मोडत नाही."

सभेने माना डोलावल्या. काहींच्या आधीपासूनच डोलत होत्या.

"बहर मोजत बसणं जुनाट झालं," सरपंच म्हणाले. "यापुढे जो पितो तो मोठा, जो पीत नाही तो लहान. आणि लहानांच्या रक्षणासाठी कुंपण मंजूर!"

झिपरीने शेवटचे दोनच शब्द ऐकले. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हसू नका मुलांनो, तुम्हीही असंच ऐकता.

चार दिवस आया राबल्या. बोरीच्या, बाभळीच्या फांद्या ओढून आणल्या. झिपरीचे पंजे सोलून निघाले, पण तिने एक फट म्हणून ठेवली नाही. या गडबडीत गुबड्या कुठे आहे, हे बघायला तिला सवड झाली नाही. पाचव्या दिवशी सकाळी दाराशी तरस बसला आणि उद्घाटन झालं.

तरसाने पहिल्यांदा झिपरीलाच अडवलं.

"बाई, कधी प्यायलात का?"

"छे! आयुष्यात थेंबसुद्धा नाही."

"मग मागे व्हा. लहानांना प्रवेश नाही."

"अरे मेल्या, तू डोळे उघडले नव्हतेस तेव्हापासून ओळखते मी तुला!"

"तक्रार असेल तर अर्ज करा," तरस अदबीने म्हणाला. "पालकाची सही लागेल."

"माझा पालक? कोण?"

तरसाने आत पंजा दाखवला. सरपंचांशेजारच्या मानाच्या दगडावर गुबड्या बसला होता. गळ्यात हार होता. घरातला तो एकटाच मोठा, म्हणून त्याला कुंपण-समितीवर घेतलं होतं.

आईचा आवाज ऐकून तो दगडावरून घसरला आणि तीन पायांवर धडपडत कुंपणापाशी आला.

"आई, पाय दुखतोय. पाठीवर घे ना."

झिपरीने काट्यांत पंजा घातला. तो कोपरापर्यंत गेला, पुढे जाईना. कुंपण तिनेच बांधलं होतं, आणि ती कामात कधी हयगय करत नसे.

"पालक पाल्याची विचारपूस करत आहेत," चिटणीसांनी नोंद घेतली.

त्या वर्षी जंगलात एकाही बालकाने मोहाला तोंड लावलं नाही. जुना नियम खरवडून चिटणीसांनी तसं सालीवर कोरलं. शेजारच्या तीन जंगलांतून शिष्टमंडळं पाहणीला आली. त्यांनाही उचलून न्यावं लागलं.

झिपरी अजून कुंपणाबाहेर बसून असते. येणारे-जाणारे तिच्या डोक्यावरून पंजा फिरवतात आणि म्हणतात, "शहाणं गं बाळ!"

तात्पर्य विचाराल तर एवढंच: मुलांसाठी कुंपण घालायचं तर भक्कम घालावं. मुलं त्याच्या कुठल्या बाजूला आहेत, हे आयांनी बघत बसू नये. त्यासाठी समिती असते.