द्वैताची परवानगी

शिरसोळी नगरपंचायतीने सोमवारी सकाळपासून वॉर्ड तीनमध्ये अद्वैत लागू केलं. म्हणजे प्रत्येक घरातली माणसं, देवघरातल्या देवासकट, दिसायला वेगळी आणि आतून एकच झाली.

आधी दवंडी पिटली होती, त्यामुळे कुणी गडबडलं नाही. हेमलताबाई गडकरांनी विडा खाल्ला की ओसरीवर यजमान मधुकररावांचे ओठ रंगत. मधुकररावांना ठेच लागली की स्वयंपाकघरात हेमलताबाई "आई गं!" म्हणत. पंख्याच्या वेगावरून होणारा रोजचा वाद मिटला. बोलायचीच गरज उरली नाही.

आठवडाभरात बाईंचा जीव उबगला. सकाळी पूजेला बसल्या तर नमस्कार कुणी कुणाला करायचा, तेच कळेना. त्या तशाच उठल्या आणि नगरपंचायतीच्या तत्त्वज्ञान विभागात गेल्या.

"त्रास काय होतोय?" निरगुडकर मॅडमनी विचारलं.

"काहीच नाही हो."

"मग तक्रार कसली?"

"तीच तर तक्रार! काल ह्यांनी मोगऱ्याचा गजरा आणला. आणणारीही मीच म्हटल्यावर खूश कशी होणार?"

"बाई, अंतिम सत्य एकच आहे. ते बदलायचा अधिकार या कार्यालयाला नाही."

"सत्य राहू द्या एकच. आम्हाला तेवढं दोघं करा. एकट्याने रुसता येत नाही. प्रेम तर नाहीच नाही. देवावरसुद्धा नाही."

मॅडमनी खणातून एक अर्ज काढला. "घरापुरती परवानगी देता येईल. पण द्वैतात गैरसमज होतात. भांडणं होतात. आणि विरहही त्यातच येतो, तो वगळून मिळत नाही."

हेमलताबाई थबकल्या. गेल्याच वर्षी मधुकररावांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता.

"असू द्या," त्या म्हणाल्या. "सगळंच द्या."

शिक्का मारलेली परवानगी घेऊन त्या घरी आल्या आणि त्यांनी कडी वाजवली.

"कोण आहे?" आतून आवाज आला, आणि बाईंच्या अंगावर शहारा आला. आतला माणूस काय विचार करतोय, त्यांना काही म्हणता काही कळत नव्हतं!

"मी!"

"यायला इतका वेळ का लागला? उपमा केलाय. खाऊन बघ."

"गुठळ्या झाल्यात की हो," त्या घास घेऊन म्हणाल्या.

"मग नको खाऊस!" मधुकरराव फणकारले आणि पाठ फिरवून बसले.

ते खरोखर किती चिडलेत, याचा हेमलताबाईंना अजिबात अंदाज येईना. पदर खोचून त्या मोठ्या आनंदाने त्यांची समजूत काढायला बसल्या.