जागा बदलण्याचे कारण

मालती गुरुवारी सकाळी गेली. दुपारी आम्ही तिला नेले. संध्याकाळी मी घरी आलो आणि दार लावून घेतले.

चौथ्या दिवशी समोरच्या घरातले गुरुलिंगअप्पा भेटायला आले. कपाळावर विभूती, पांढरा सदरा, खिशाला एक निळे आणि एक लाल पेन. भेटायला येणारे लोक काय बोलतात ते एव्हाना मला पाठ झाले होते. अप्पा त्यातले काहीच बोलले नाहीत. थोडा वेळ छताकडे पाहिले, मग फरशीकडे. मग खिशातून मोजायची टेप काढली आणि तिचे टोक माझ्या हातात दिले.

"सर, एवढं धरा जरा. भितीला टेकवून."

मी धरले. अप्पा उलटे चालत खिडकीपर्यंत गेले आणि लाल पेनाने तळहातावर आकडा लिहिला. मागची खोली मोजली, न्हाणीघर मोजले, दारांची रुंदी घेतली. परत येऊन बसले आणि पहिल्यांदा माझ्या तोंडाकडे पाहिले.

"घराचा नकाशा मंजूर हाय ना, सर?"

बायकोला जाऊन चार दिवस झाले होते. मी उठून कपाटातून नकाशा काढून दिला.

अप्पा चाकूरच्या तहसिलीत कारकून म्हणून लागले आणि जळकोटहून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. निवृत्त झाले म्हणजे पगार थांबला, बाकी काही थांबले नाही. त्यांच्या घरी आवक-जावक रजिस्टर आहे. लग्नाची पत्रिका आली की तिच्यावर 'प्राप्त' असा शिक्का बसतो आणि मगच ती कुणाचे लग्न आहे हे पाहिले जाते. नातवाला सायकल हवी होती तेव्हा त्याच्याकडून अर्ज लिहून घेतला, त्यात त्रुटी काढल्या आणि दुसऱ्या अर्जावर सायकल मंजूर केली. गल्लीत कुणीही काहीही सांगितले की त्यांचा एकच प्रश्न असतो, "कागदावर हाय का?" एकदा मालती त्यांना म्हणाली होती, अप्पा, तब्येत सुधारलेली दिसते. तेव्हाही त्यांनी हेच विचारले आणि घरी जाऊन साखरेचा रिपोर्ट घेऊन आले.

असा हा माणूस गेले वर्षभर पाळणाघर काढायच्या मागे होता. लातुरात शिकवणी वर्गांसाठी गावोगावची माणसे येऊन राहतात. आमच्या गल्लीतही शिकवणारे, परिचारिका, बँकेतली पोरे अशी जोडपी भाड्याने आली आणि त्यांची लेकरे दिवसभर कुणाकुणाच्या ओट्यावर फिरू लागली. अप्पांना ते पाहवेना. लेकरे उन्हात फिरतात याचे त्यांना वाईट वाटले असणार, पण तोंडाने ते म्हणाले की हे विनापरवाना चालू आहे.

पाळणाघर आधी स्वतःच्या घरात काढायचे होते. मग माझे घर कशाला, असे मी विचारले तर हात झटकून म्हणाले, "जमलं न्हाई, सर. दारात सात पायऱ्या हायेत, लेकरं रांगतेत. नियमात बसत न्हाई. तुमची जागा बसतीय." मला खरेच वाटले. सात पायऱ्या होत्याच.

मग अटींना सुरुवात झाली. अप्पांनी त्या एका फुलस्केप कागदावर उतरवून माझ्या दिवाणखान्यात चिकटवल्या होत्या. दर लेकरामागे जागा किती. दोन दारे, दोन्ही बाहेर उघडणारी. विजेची बटणे लेकराच्या हाताला लागणार नाहीत इतक्या उंचीवर, हात धुवायचा नळ मात्र लेकराच्या हाताला लागेल इतक्या खाली. आग विझवायचे नळकांडे. प्रथमोपचाराची पेटी. तीन वर्षांखालच्या लेकरांसाठी वेगळी बाई. पिण्याचे पाणी सतत उपलब्ध. या शेवटच्या अटीपाशी अप्पांनी पेन खाली ठेवले. "सतत म्हणून लिहिलंय. लिहिणारा माणूस लातूरचा न्हाई," ते म्हणाले. आमच्याकडे नळाला पाणी कधी येते ते सगळ्या गल्लीला तोंडपाठ असते, आणि त्यात 'सतत' हा शब्द कुठेच बसत नाही. अप्पांनी दुसरी टाकी बसवून घेतली, जमिनीतल्या हौदाला लोखंडी झाकण आणि कुलूप लावले आणि किल्ली स्वतःच्या करगोट्याला बांधली. त्यानंतर मला हौद उघडायचा असला की आधी अप्पांना उठवावे लागे.

एका सकाळी मला घेऊन ते पोलीस ठाण्यात गेले. जागेत राहणाऱ्या प्रत्येकाचा चारित्र्याचा दाखला लागत होता, आणि जागेत आता मी एकटाच राहत होतो. हवालदाराने मला खालून वर पाहिले आणि अप्पांना विचारले, "काय केलं काकांनी?"

"कायबी केलं न्हाई," अप्पा म्हणाले. "तेच लिहून पायजे."

कधी कुणाशी भांडण, मारामारी, असे हवालदाराने विचारले. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. बराच आठवून मी सांगितले की एकदा एका प्राध्यापकांकडे सात वर्षे राहिलेले पुस्तक परत मागितले होते, तेव्हा आवाज थोडा चढला होता. हवालदाराने ते लिहून घेतले नाही. अप्पांना ते खटकले. बाहेर आल्यावर म्हणाले, खरं सांगितलेलं कागदावर यायला पायजे होतं.

मग रंगीत तालमी. अप्पांचे म्हणणे असे की परवाना देणाऱ्या खात्याच्या बाई तपासणीला येतील त्या दिवशी पहिल्यांदा करायला गेलो तर चुकणार. आगीच्या तालमीला लेकरे नव्हती, म्हणून त्यांनी माझ्या कपाटातले जाडजूड कोश खाली काढले आणि एकेक टॉवेलात गुंडाळला. "लेकराइतकं वजन भरतंय," एक खंड कडेवर घेऊन ते म्हणाले. शिट्टी वाजली की दोघांनी मिळून वीस खंड पुढच्या दाराने अंगणात न्यायचे. पहिल्या खेपेला मी दोन खंड एका काखेत धरले, तेव्हा त्यांनी शिट्टी वाजवून मला थांबवले. "सर, मान धरा. मान." मी खंडाची मान धरली. समोरच्या गच्चीवरून बायका पाहत होत्या. चौथ्या खेपेला आम्ही वेळेत बसलो, आणि धापा टाकत असताना माझ्या लक्षात आले की मी हसतो आहे. मला थोडे विचित्र वाटले. अप्पांनी घड्याळाकडे पाहून निळ्या पेनाने वेळ लिहिली.

लेकरू घरी सोपवायच्या तालमीला मात्र खरे लेकरू होते, त्यांचा धाकटा नातू. नियम असा की ज्याचा फोटो रजिस्टरला आहे त्याच्याच हाती लेकरू द्यायचे. संध्याकाळी अप्पांचा मुलगा महेश दुकान बंद करून पोराला न्यायला आला. अप्पा दारात खुर्ची टाकून बसले होते. त्यांनी रजिस्टर चाळले.

"नाव?"

"अप्पा, मी महेश हाव."

"असशील. फोटो न्हाई."

महेश म्हणाला, फोटो आणायला तुम्ही सांगितलेच नव्हते. अप्पा म्हणाले, सूचनाफलकावर लावले होते. महेशने विचारले, फलक कुठे आहे. आत, अप्पा म्हणाले, पण फोटो असल्याशिवाय आत येता येत नाही. बाप दाराबाहेर, पोरगा दाराआत, दोघेही रडकुंडीला आले. शेवटी सूनबाई आल्या. त्यांचा फोटो रजिस्टरला होता. त्यांनी सही करून पोराला ताब्यात घेतले आणि जाता जाता नवऱ्यालाही घेऊन गेल्या. अप्पा समाधानाने म्हणाले, "बगा सर. पद्धत चालायलीय."

हे सगळे चालले असताना शबाना सिस्टर रोज एक चक्कर मारायच्या. त्या सरकारी दवाखान्यात होत्या, मुलगी दीड वर्षाची, नवरा नांदेडला नोकरीला. त्यांची रजा संपत आली होती आणि सोमवारी हजर व्हायचे होते. परवाना मिळाला नाही तर मुलीला घेऊन नांदेडला जायचे आणि नोकरी सोडायची, असे त्यांचे ठरत चालले होते. अप्पांना त्या एकदाच म्हणाल्या, "चाचा, परवाना मागून येईल की. सोमवारपासून नुसतं ठेवून घ्या." अप्पा एका बाजूने पाघळले होते हे मला दिसले. पण म्हणाले, "बेटा, विनापरवाना लेकरू ठेवलं आणि काय झालं, तर मी तुला कोणतं तोंड दाखवू?" त्या रात्री ते जेवले नाहीत, असे सूनबाई सांगत होत्या.

तपासणी शुक्रवारी ठरली. बाई तरुण होत्या, नुकत्याच बदलून आलेल्या. त्यांनी नळाची उंची पाहिली, दारे उघडून पाहिली, हौदाचे कुलूप ओढून पाहिले. अप्पांनी शिट्टी गळ्यात घातली होती, पण ती वाजवायची वेळ आली नाही. मग बाई फाईल घेऊन बसल्या. दोन बोटे जाड फाईल, पानांना क्रमांक, वर अनुक्रमणिका. बाई पाने उलटत गेल्या आणि एका ठिकाणी थांबल्या.

"काका, तुमची आधीची जागा तर मंजूर झाली होती."

अप्पांनी गळ्यातली शिट्टी काढून खिशात टाकली.

"समोरचंच घर ना? उताराचा रस्ता केलेला, सगळं पास. मंजुरीचं पत्र आहे इथं. ती सोडून दुसऱ्या जागेसाठी पुन्हा अर्ज केलात. का?"

मी अप्पांच्या घराकडे पाहिले. पायऱ्यांच्या बाजूने घातलेला सिमेंटचा उतार उघड्या दारातून दिसत होता. मी तो रोज पाहत होतो. महेशच्या मोटारसायकलसाठी केला असेल, असे मी धरून चाललो होतो.

बाई म्हणाल्या, मंजूर जागा सोडायचे कारण समाधानकारक नसेल तर मला हे वर पाठवावे लागेल. वर गेले की दोन-तीन महिने. दारात शबाना सिस्टर मुलीला कडेवर घेऊन उभ्या होत्या.

"कारणाचं पान लावलंय," अप्पा हळू म्हणाले. "तुमी मनात वाचा, मॅडम."

बाईंना अक्षर लागत नव्हते. जुने, मोडीच्या वळणाचे अक्षर. त्यांनी फाईल माझ्याकडे सरकवली. जागामालक तुम्ही, तुम्ही वाचा. अप्पांनी हात पुढे केला आणि मागे घेतला. मी वाचू लागलो.

"विषय, जागा बदलून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, अर्जदाराचे स्वतःचे घर मंजूर आहे. परंतु सदर घरी मुलगा, सून व दोन नातवंडे राहत असून तेथे आवाजाची कमतरता नाही. समोरील घरमालकाची पत्नी चालू महिन्यात मयत झाली. सदर इसम वाचन करणारा असून स्वतःहून कोणाकडे जात नाही. त्यांचे घरी दिवसभर बोलण्यास कोणी नाही. सबब मंजूर जागा रद्द करून त्यांचे घराची तपासणी व्हावी. कागदपत्रे पुन्हा जमा करण्यास अर्जदाराची तक्रार नाही."

खाली सही होती, आणि तारीख. टेप घेऊन ते आले होते त्याच दिवसाची.

मी फाईल बाईंना परत दिली. अप्पा खिडकीबाहेर पाहत होते. त्यांचे कान लाल झाले होते.

"असं कारण मी आजवर पाहिलं नाही," बाई म्हणाल्या.

"नियमात बसतंय का?" अप्पांनी विचारले. माझ्याकडे न पाहता.

बाईंनी थोडा विचार केला. "मनाई कुठं लिहिलेली नाही," त्या म्हणाल्या, आणि सहीसाठी अप्पांच्याच खिशातले पेन मागितले. अप्पांनी निळे दिले.

मी त्यांच्याशी या पानाबद्दल अजून बोललेलो नाही. तेही बोलत नाहीत. परवाना वीस लेकरांचा आहे. सध्या लेकरे एकोणीस आहेत. विसावा मी.