रिकामा डबा परत देऊ नये

रेकॉर्डिंगमधून काढलेली घरघर झाकणाच्या डब्यात भरून ठेवावी लागते, आणि शकुंतला कोठावदे यांच्याकडे घट्ट झाकणाचा डबा एकच होता.

चाळीसगावला राहणाऱ्या त्यांच्या थोरल्या भावाची, दिनकरदादांची, दृष्टी गेली ती धरणांच्या इतिहासाचा एक जाडजूड ग्रंथ वाचता वाचता, अकराव्या प्रकरणात. पुढे काय झालं हे कळल्याशिवाय दादांना चैन पडेना. मुलगा दुकानात, सून शाळेत शिकवायला. वाचून दाखवणार कोण? तेव्हा शकूताईंनी नाशिकच्या आपल्या फ्लॅटमध्ये कम्प्युटरला माइक जोडला, पदर खोचला आणि बारावं प्रकरण वाचून पाठवलं.

त्यात मागे फ्रिज घुमत होता. दिसत नसल्यामुळे दादा आवाजावर चालत. आपल्याच घरचा फ्रिज उघडा राहिला असं समजून ते वाचन अर्धवट टाकून उठले आणि स्टुलाला अडखळले. गुडघा सुजला.

शकूताई हात टेकणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी फ्रिज बंद केला, पंखा बंद केला, चार्जर काढला, वायर बदलली, माइक टेबलावरून उशीवर ठेवला आणि शेवटी गोधडीत शिरून वाचलं. घरघर गोधडीतही आली. मग त्या तडक कम्प्युटरच्या दुकानात गेल्या.

"सॉफ्टवेअरनं निघेल की मॅडम," दुकानदार हिरे म्हणाले. "पण काढलेली घरघर ठेवणार कुठे, ते आधी ठरवा. खिडकीतून सोडाल तर संध्याकाळपर्यंत परत येईल. मोरीत तर मुळीच ओतू नका, अख्ख्या बिल्डिंगचे नळ घुमतील."

"मग लोक काय करतात?"

"डब्यात भरतात आणि गरजूला देतात."

गरजू शोधायला लांब जावं लागलं नाही. समोरच्या फ्लॅटमधल्या गायधनी काकू काका गेल्यापासून एकट्याच होत्या, आणि त्यांचं घर इतकं शांत की भाजी चिरायचीही चोरी वाटावी. शकूताईंनी फ्रिजची घरघर आणि पंख्याची करकर डब्यात घालून नेऊन दिली. काकूंनी डबा स्वयंपाकघरात उपडा केला आणि कान देऊन उभ्या राहिल्या.

"अगं, किती छान घुमतो तुझा फ्रिज," त्या म्हणाल्या. "घरात कुणी असल्यासारखं वाटतं."

दुसऱ्या दिवशी डबा परत आला, घासूनपुसून, पण रिकामा नाही. काकू जुन्या वळणाच्या. शेजारणीचं भांडं रिकामं परत करायचं नाही, हे त्यांना लहानपणीच शिकवलेलं. एरवी त्यांनी साखर घातली असती, पण आवाजाच्या डब्यातली साखर चहात गुणगुणते हे कुणालाही ठाऊक आहे. म्हणून त्यांनी आपल्या भिंतीवरच्या घड्याळाची टिकटिक घातली होती. शकूताईंनी झाकण उघडलं मात्र, टिकटिक दिवाणखान्यात ठाण मांडून बसली.

ती काढून त्यांनी डबा परत नेला. डबा आला तो नळाची ठिबक घेऊन. आगीतून फुफाट्यात म्हणतात ते हेच. ठिबक इतकी बारीक की वाचताना शकूताईंना ऐकू आली नाही, पण दादांना आली. नळ बंद करायला ते मोरीत गेले आणि घसरले. मनगटाला प्लास्टर घालावं लागलं.

सुनेचा फोन आला. "आत्या, राग मानू नका. आता पुन्हा काही वाजलं तर मी मोबाईल कपाटात कुलपात ठेवीन. ग्रंथापेक्षा हाडं महत्त्वाची."

मागून दादांनी विचारलं, "शकू, बाराव्याच्या शेवटी पाणी अडलं का गं?"

शकूताईंना रडू आलं, आणि मग रडण्याचाच राग आला. त्यांनी ठिबक डब्यात कोंबली आणि समोरचं दार वाजवलं.

"काकू, ही तुमची ठिबक तुम्हाला परत. आता डबा मला रिकामा द्या."

"भलतंच. असा रिकामा कसा देऊ?"

"मग न वाजणारं काहीतरी घाला. दादाचा हा शेवटचा प्रयत्न आहे, आणि माझाही."

काकूंनी डबा हातात घेतला. "न वाजणारं माझ्याकडे एकच आहे," त्या म्हणाल्या. "हे गेल्यावर उरली होती ती शांतता. आतल्या खोलीत, त्यांच्या खाटेपाशी ठेवलीय."

"ती नको काकू."

"असू दे. दोन वर्षं जपली. आता मला तुझा फ्रिज आहे, पंखा आहे, सोबत झाली. तुझ्या दादांच्या कामी येऊ दे."

त्या आत गेल्या आणि डबा पदराखाली झाकून घेऊन आल्या. डबा चांगलाच जड लागत होता.

शकूताईंनी तो माइकशेजारी उघडला. रस्त्यावरच्या रिक्षा, पाण्याची मोटार, वरच्या मजल्यावर सरकवली जाणारी टेबलं, सगळं आपापल्या जागी होतं, पण ऐकू येईनासं झालं. बारावं पुन्हा आणि त्याला जोडून तेरावं, अशी दोन्ही प्रकरणं त्यांनी एका बैठकीत वाचली.

संध्याकाळी दादांचा फोन आला. "एकदाही उठलो नाही बघ. शेवटी पाणी अडलं."

"मागे काही वाजत नव्हतं ना?"

"वाजत काही नव्हतं. पण तुझ्याजवळ कुणीतरी बसून ऐकतंय. फार मन लावून ऐकतंय. त्याला उठवू नकोस."

"नाही उठवणार," शकूताई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी माइकशेजारी एक खुर्ची मांडली आणि चौदावं प्रकरण काढलं. ते त्यांनी जरा मोठ्याने वाचलं, कारण गायधनी काकांना कमी ऐकू येत असे.