सोबत : बिया सात

विषय : वाफा क्रमांक चाळीसमध्ये दुधी भोपळा लावण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : अर्जदार कोंडाजी साळिंदर यांचा ज्येष्ठ महिन्यातील अर्ज. सोबत : बिया सात.

बालमित्रांनो, उपरोक्त विषयास अनुसरून कळवण्यात येते की, एका जंगलात प्रजेने आपापली भाजी पिकवावी, असे सिंहमहाराजांच्या मनात आले. महाराज स्वतः भाजी खात नसत. त्यामुळे त्यांना या विषयाकडे तटस्थपणे पाहता येत होते.

ओढ्याकाठच्या माळाचे चाळीस वाफे पाडण्यात आले. चाळिसावा कोंडाजीच्या वाट्याला आला. सगळ्यांत लांबचा, आणि दगड सगळ्यांत जास्त. पण कोंडाजी हरखून गेला. जन्मभर त्याने दुसऱ्याच्या शेतातली कंदमुळे चोरून उकरली होती. आता स्वतः पेरून उजळ माथ्याने खायचे, असे त्याने ठरवले.

बियाणे त्याच्याजवळ होते. आईच्या हातच्या दुधीच्या सात बिया त्याने पळसाच्या पानात बांधून जपल्या होत्या. मूळ वेल पुरात वाहून गेला होता. डोळे मिटताना आई म्हणाली होती, "कोंड्या, या वाया घालवू नकोस रे. असा दुधी आता कुठं राहिला नाही."

वाफ्यासोबत दोन अटी होत्या. पहिली, परवानगीवाचून माती उकरू नये. दुसरी, कार्तिक संपेपर्यंत वाफा हिरवा न दिसल्यास तो काढून घेण्यात येईल. या दोन अटींची एकमेकींशी ओळख नव्हती.

शेजारच्या एकोणचाळिसाव्या वाफ्यात गबाजी रानडुक्कर होता. त्याने अटी वाचल्याच नाहीत. वाफा मिळाला त्याच सकाळी त्याने नाकाने तो आडवा-उभा नांगरून टाकला.

"अरे गबाजी, परवानगी?" कोंडाजी धास्तावून म्हणाला.

"नाक माझं, माती महाराजांची. दोघांची गाठ घालून दिली, एवढंच."

"आणि उद्या कुणी विचारलं तर?"

"विचारतील तोवर भेंडी आलेली असेल. त्यांनाही देऊ चार!"

कोंडाजीने कानांवर हात ठेवले. मग पाठीचा एक काटा उपटला, त्याची लेखणी केली आणि सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला.

वडाच्या झाडाखाली कचेरी होती. तिथे भाऊसाहेब कासव बसत. चार महाराजांच्या कारकिर्दी त्यांनी त्याच जागेवरून पाहिल्या होत्या. त्यांनी अर्ज उलटसुलट पाहिला.

"बियाण्याचा नमुना कुठंय?"

"किती जोडू, भाऊसाहेब?"

"तुमच्याकडं आहेत किती?"

"सात."

"मग सात. मागाहून तफावत निघाली तर मला जबाबदार धरू नका."

गबाजी बाहेर अंग खाजवत उभा होता. तो कळवळून म्हणाला, "कोंड्या, चार तरी मागं ठेव, लेका!"

"ती खोटी माहिती होईल," कोंडाजी म्हणाला. आईच्या सातही बिया त्याने अर्जाला जोडल्या. भाऊसाहेबांनी आवक क्रमांक टाकला आणि फाइल वडाच्या ढोलीत ठेवली.

आषाढ गेला. श्रावण गेला. गबाजीची भेंडी आली, त्याने खाल्ली, वाटली, वर लोणचेही घातले. कोंडाजी आठवड्याला एक काटा उपटून स्मरणपत्र लिहीत होता आणि टपालाने कचेरीत धाडत होता. त्याच्या पाठीवर टक्कल दिसू लागले. दगडांच्या फटींतून रानगवत डोक्याएवढे वाढले. ते उपटावे, तर माती उकरली जाईल. म्हणून तो नुसता बघत बसे.

भाद्रपदात भाऊसाहेब जागेच्या पाहणीला निघाले. आश्विनात पोहोचले. वाफ्याभोवती एक फेरी मारून त्यांनी शेरा लिहिला : 'वाफा हिरवा आहे. प्रगती समाधानकारक.'

कोंडाजी चाचरला. "पण भाऊसाहेब, हे तर गवत आहे."

"अटीत हिरवा म्हटलंय. दुधी म्हटलेलं नाही. तुमचा वाफा वाचला, आनंद माना."

"वाफा वाचला, पण आता हंगाम गेला. माझ्या बिया तेवढ्या परत द्या. पुढच्या साली बघू."

"कचेरीत या," भाऊसाहेब म्हणाले.

ते परत पोहोचेपर्यंत कार्तिक उजाडला. कोंडाजी गेला आणि दारातच थबकला. पावसाळ्यात ढोली गळली होती. फाइल भिजली होती. वर्षानुवर्षांच्या कुजक्या कागदांचे खत होते, आणि महत्त्वाचे म्हणजे, तिथे कुणी हात लावत नव्हते. ढोलीतून दुधीचा वेल निघून पारंब्यांवरून थेट शेंड्यापर्यंत गेला होता.

"बसा, जेवून जा," भाऊसाहेबांनी पानावर भाजी वाढली. "दोन महिने झाले, कचेरीला रोज दुधीच आहे. कुठून उगवला, देव जाणे."

कोंडाजीने घास घेतला. चव आईच्या दुधीची होती. त्याचे डोळे भरून आले.

"तिखट झाली का?"

"नाही. किती उरलेत, भाऊसाहेब?"

"तो एक. शेवटचा. वेल आता उतरला. उद्याच्या डब्याला तोच."

कोंडाजीचा घास हातातच राहिला. "भाऊसाहेब, पाया पडतो! तो वेलावरच जून होऊ द्या. त्यात बिया धरतील. आईची तेवढीच खूण उरलीय."

"असं तोंडी कसं चालेल?"

कोंडाजीने तिथल्या तिथे पाठ चाचपली, उरलेल्यांतला एक काटा उपटला आणि अर्ज लिहिला. भाऊसाहेबांनी आवक क्रमांक टाकला. मग लाल दोरा घेऊन दुधीच्या देठाला गाठ मारली.

"प्रकरण विचाराधीन. आता निकाल लागेपर्यंत याला खुद्द महाराजांनीही हात लावायचा नाही."

कोंडाजी क्षणभर त्या दोऱ्याकडे बघत राहिला.

"आणि निकाल कधी लागेल?"

"का? घाई आहे?"

"छे, छे!" कोंडाजी म्हणाला. "सावकाश होऊ द्या. तुमच्या सवडीनं."

गबाजीला हे कळले तेव्हा तो म्हणाला, "एका धडकेत पाडून देतो की!" कोंडाजीने उरलेसुरले काटे असे फुलवले, की गबाजी मुकाट्याने आपल्या वाफ्यात गेला.

सद्यस्थिती अशी : पहिल्या अर्जाच्या फाइलीला वेलाच्या तणाव्यांनी विळखा घातल्याने ती उघडता येत नाही, आणि तणावे तोडण्यास वेगळी परवानगी लागते. कोंडाजी रोज सकाळी कचेरीत येतो आणि दुसऱ्या अर्जावर निर्णय झालेला नाही, याची खात्री करून घेतो. दुधीची साल पिवळट आणि टणक झाली आहे. हलवला, तर आत बिया वाजतील. हलवण्यास परवानगी नाही. अर्ज प्रलंबित आहे.

तात्पर्य : बालमित्रांनो, आजचे काम उद्यावर ढकलावे. ते आजच उरकले असते, तर त्या दुधीची केव्हाच भाजी झाली असती.